शेवटची पाळी : पोकरवरील कांहीं इंग्रजी पुस्तकें

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं पोकर या पत्त्यांच्या खेळावरील सहा-सात इंग्रजी पुस्तकें ओळीनें वाचून काढलीं. हा आमचा नेहमींचा विषय नव्हे, आणि जुगाराच्या वाङ्मयाकडे वळण्याचें आमचें वयहि नव्हे. कारण घडलें तें असें. आमचा एक जुना विद्यार्थी, बुद्धीनें चांगला आणि नोकरीनेंहि चांगला, एके दिवशीं घरीं आला, आणि चहा होतां होतां त्यानें सांगितलें कीं, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन पोकरमध्यें आपण कांहीं वर्षांत बरीच रक्कम घालवून बसलों. २०२५ सालच्या कायद्यानें असले खेळ आपल्या देशांत बंद झाले, म्हणून त्याचें नुकसान थांबलें. आपण होऊन तो थांबला असता असें त्यालाहि वाटत नव्हतें. त्याची हकीकत आम्हीं तास-दीड तास ऐकली. प्रत्येक डावांत आपल्या हातांत कोणते पत्ते होते, मध्यें कोणते उघडले, आणि समोरच्यानें अखेरीस काय दाखविलें, हें त्याला बिनचूक पाठ होतें. राण्यांची जोडी एक्क्यांच्या जोडीनें मारली. एक्क्यांची जोडी किलवरच्या पांच पत्त्यांनीं मारली. असा तो दैवाच्या दुष्टपणाचा पोवाडा होता. आम्ही थोडेबहुत ब्रिज खेळलेलों असल्यामुळें सहज विचारलें, "या डावांत आधीं बोलण्याची पाळी कोणाची होती? तुझी कीं त्याची?" त्याला तें आठवेना. दुसऱ्या डावाविषयीं विचारलें, तेंहि आठवेना. एकाहि डावाविषयीं आठवेना.

जातांना तो आपलीं पुस्तकें आमच्याकडे ठेवून गेला. घरांत ठेवण्याची त्याला लाज वाटत होती. तीं वाचून झाल्यावर आमचें मत असें झालें कीं, त्याला पाळी आठवली नाहीं हा केवळ त्याच्या स्मरणशक्तीचा दोष नव्हे. ज्या पुस्तकांतून तो या खेळाची भाषा शिकला, त्या पुस्तकांतच ती फारशी नाहीं.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं चार ओळी खर्चिल्या पाहिजेत. हल्लीं पोकर म्हणून जो सर्वत्र खेळला जातो तो टेक्सास होल्डेम हा प्रकार होय. प्रत्येकास दोन पत्ते पालथे मिळतात. मग मेजाच्या मध्यभागीं प्रथम तीन, नंतर एक, नंतर आणखी एक, असे पांच पत्ते सर्वांचे सामाईक म्हणून उघडे होतात. आपले दोन आणि सामाईक पांच यांतून पांच पत्त्यांचा सर्वांत वरचढ मेळ ज्याचा, त्याचा डाव. किंवा इतर सर्वांनीं पत्ते टाकून दिले तर उरलेल्या एकाचा. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार. मेजावर एक चकती असते; ती ज्याच्यापुढें असेल तो त्या डावापुरता वांटणारा समजला जातो. त्याच्या डाव्या हाताच्या दोघांस पत्ते मिळण्यापूर्वींच ठराविक रक्कम मध्यें टाकावी लागते. हे आंधळे पण. पहिल्या फेरींत या दोघांच्या पलीकडला प्रथम बोलतो. पुढल्या तिन्ही फेऱ्यांत चकतीच्या डावीकडून आरंभ होतो, आणि चकतीवाला सर्वांच्या शेवटीं बोलतो. डाव संपला कीं चकती एक घर डावीकडे सरकते.

आतां समजा कीं, आपल्या हातांत नव्वी आणि दश्शी आहे, आणि मध्यें राजा, नव्वी व चव्वी उघडली आहे. नव्वीची जोडी झाली; ती बरी आहे, पण दुसऱ्याजवळ राजा असेल तर फुकट आहे. आपल्याला आधीं बोलावयाचें असेल तर काय करावें? पैसे लावले आणि मागल्यानें ते वाढविले, तर बहुधा पत्ते टाकावे लागतात आणि लावलेलें जातें. न लावतां पास म्हटलें, तर मागला लावतो. त्याच्याजवळ खरोखर राजा आहे, कीं आपल्या पासाचा तो फायदा घेत आहे, हें कळण्यास मार्ग नाहीं. हाच प्रसंग पाळी मागून असतां पाहावा. समोरचा पास म्हणाला, तर आपणहि पास म्हणून पुढचा पत्ता फुकट पाहूं शकतों. अथवा तो दुबळा आहे असें धरून पैसे लावूं शकतों. त्यानें पैसे लावले, तर निदान त्यानें कांहीं तरी सांगितलें, आणि आपण अद्यापि कांहींच सांगितलेलें नाहीं. पत्ते तेच, माणसें तींच, रक्कम तीच. बदलली ती फक्त पाळी. आणि हें एका डावांत एकदां नव्हे, तीन फेऱ्यांत तीनदां घडतें.

हा फायदा म्हणजे खेळाडूंची समजूत असावी अशी शंका आम्हांसहि आली होती. परंतु हॅरोल्ड कून या गणितज्ञानें १९५० सालीं एका लहानशा खेळाचें जें गणित प्रसिद्ध केलें तें पाहिल्यावर शंकेस जागा उरत नाहीं. त्या खेळांत पत्ते तीनच : राजा, राणी, गुलाम. खेळाडू दोन. प्रत्येकानें एकेक नाणें मध्यें टाकावयाचें, एकेक पत्ता घ्यावयाचा, तिसरा पालथा राहतो. आणखी एकच नाणें लावण्याची मुभा. दोघेहि निर्दोष खेळले, कोणीं तिळमात्र चूक केली नाहीं, तरी आधीं बोलणारास दर डावामागें सरासरी एक अठरांश नाण्याचा तोटा येतो. यांतील मौज अशी कीं, गुलाम हातांत असतां हूल किती वेळां द्यावी याची पहिल्याला बरीच मोकळीक आहे. मुळींच देऊं नये, किंवा तीनांतून एकदां द्यावी. त्याप्रमाणें बाकीचें वर्तन जुळवून घेतलें कीं झालें. पण कसेंहि केलें तरी तो अठरावा हिस्सा सुटत नाहीं. ज्यानें कांहीं गुन्हा केला नाहीं त्यालाहि भरावा लागणारा हा कर आहे, आणि तो केवळ आधीं बोलल्याबद्दलचा आहे. बुद्धिबळांत प्रथम चाल करणाराचें पारडें किंचित् जड असतें, कारण तेथें सर्व सोंगट्या उघड्या असतात; पत्ते झांकलेले असले कीं न्याय उलटतो.

जाणते खेळाडू याचा उपयोग कसा करतात, हेंहि सांगण्यासारखें आहे. नऊ जणांच्या मेजावर ज्याची पाळी सर्वांच्या आधीं आहे, तो शंभर डावांतून सुमारें दहापंधरा डावच खेळतो, बाकीचे टाकून देतो. चकती पुढें आली आणि आधींच्या सर्वांनीं पत्ते टाकले, तर तोच मनुष्य चाळीस किंवा त्याहून अधिक डावांत उतरतो. आंधळ्या पणाच्या दोन जागीं उत्तम खेळाडूसहि दीर्घकाळांत तोटाच येतो. तो कमीत कमी ठेवणें आणि चकतीच्या जागीं भरून काढणें, हा त्याचा संसार. बसण्याची जागा निवडावयाची असेल तर उधळ्या खेळाडूच्या लगेच डावीकडे ते बसतात, म्हणजे त्यानें काय केलें हें पाहून मग आपण करावें. एक्क्यांची जोडी सरासरीनें २२१ डावांत एकदां येते. चकती नऊ डावांत एकदां येते, आणि ती चुकत नाहीं.

मराठी वाचकांस हें अगदींच अपरिचित वाटूं नये. ब्रिज खेळणाऱ्या प्रत्येक घरांत हें ज्ञान निराळ्या वेषानें वावरत असतें. आपल्याजवळ एक्का आणि राणी आहे. राजा आपल्या उजव्या हाताच्या प्रतिपक्ष्याजवळ असेल तर तो आपल्या आधीं खेळणार, आणि राणीचा हात होणार. तोच राजा डावीकडे असेल तर राणी मारली जाते. राजाची किंमत तीच. तो आपल्यापुढें आहे कीं मागें, यावर सारें अवलंबून. आमच्या परिचयाचे एक वृद्ध वकील ब्रिजमध्यें हरल्यावर "पत्ते वाईट नव्हते, बसले वाईट" असें म्हणत. ही त्यांची सबब आहे असें आम्ही वीस वर्षें समजत होतों.

आतां पुस्तकांकडे वळूं. तीं दोन जातींचीं आहेत. एक हकीकत सांगणारांची, दुसरी शिकविणारांची. पहिल्या जातींतलें सर्वांत प्रतिष्ठित पुस्तक अल् अल्व्हारेझ यांचें 'द बिगेस्ट गेम इन टाउन' (१९८३). अल्व्हारेझ हे कवि आणि काव्याचे परीक्षक. १९८१ सालीं लास व्हेगस येथील जागतिक सामने पाहावयास ते गेले, आणि त्यांतून हें पुस्तक झालें. गद्य म्हणून तें उत्कृष्ट आहे. पैशाची भीति ज्यांना उरलेली नाहीं, रोख रक्कम ज्यांना केवळ कामाचें हत्यार वाटतें, अशा माणसांचीं चित्रें त्यांनीं काढलीं आहेत तीं विसरतां येत नाहींत. परंतु पुस्तक मिटल्यावर आम्हीं स्वतःस विचारलें कीं, हीं माणसें जिंकत होतीं तीं कशानें? उत्तर मिळालें : स्वभावानें. धैर्यानें, थंडपणानें, एक प्रकारच्या उदात्त बेपर्वाईनें. कवीनें माणसें पाहिलीं आणि पत्ते पाहिले. कोण कोणाच्या मागें बसला होता, हें आमच्या ध्यानांत राहील अशा रीतीनें त्यांनीं कोठें सांगितलेलें आम्हांस आठवत नाहीं.

अँथनी होल्डन यांचें 'बिग डील' (१९९०) हें एका चरित्रलेखकानें वर्षभर धंदेवाईक खेळाडू होऊन पाहिल्याची हकीकत आहे. पुस्तक खेळकर आहे, आणि त्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. जेम्स मॅक्‌मॅनस यांचें 'पॉझिटिव्हली फिफ्थ स्ट्रीट' (२००३) अधिक विचारार्ह आहे. एका मासिकानें त्यांना २००० सालीं सामन्याची वार्ता लिहावयास पाठविलें. ते स्वतःच सामन्यांत उतरले, पांचवे आले, आणि २,४७,७६० डॉलर घेऊन परतले. त्याच गांवीं चाललेल्या एका खुनाच्या खटल्याची कथाहि त्यांनीं या कथेंत विणली आहे. मनुष्य इतका आंत शिरला असतां आंतल्या यंत्राचें ज्ञान त्याला असणारच, आणि तें आहेहि. तरीसुद्धां पुस्तकाचें नांवच पाहा : 'फिफ्थ स्ट्रीट' म्हणजे मध्यें उघडणारा पांचवा, शेवटचा पत्ता. वाचकाचा श्वास कोठें रोखावयाचा हें लेखकानें मुखपृष्ठावरच ठरविलें आहे, आणि तें ठिकाण पत्ता हें होय.

यांत एकट्या मॅक्‌मॅनस यांचा दोष नाहीं. या वाङ्मयाची परंपरा ज्या काळीं घडली, त्या काळीं खेळच निराळा होता. रिचर्ड जेसप यांची 'द सिन्सिनाटी किड' ही कादंबरी १९६३ ची, तिच्यावरील बोलपट १९६५ चा. त्यांतला खेळ पांच पत्त्यांचा स्टड. स्टडमध्यें प्रत्येकाचे कांहीं पत्ते उघडे असतात, आणि ज्याचे उघडे पत्ते वरचढ त्यानें आधीं बोलावयाचें. म्हणजे पाळी दर पत्त्याबरोबर फिरते. तेथें पाळी ही कोणाची स्थिर मालमत्ता नव्हती, म्हणून कथाकारानें तिच्याकडे दुर्लक्ष केलें तर तें क्षम्य होतें. बोलपटाच्या अखेरीस एक्क्यांचा फुल हाउस एकाच रंगाच्या ओळीच्या पांच पत्त्यांपुढें पडतो आणि प्रेक्षक हळहळतो. पुढें स्टड मागें पडला, होल्डेम आला, पाळी डावाच्या आरंभींच ठरूं लागली. पण कथाकार तोच शेवट लिहीत राहिले. इयान फ्लेमिंग यांच्या 'कॅसिनो रोयाल' या १९५३ च्या कादंबरींत बॅकरा होता. २००६ च्या बोलपटांत त्याच्या जागीं होल्डेम घातला, आणि अखेरच्या डावांत चार खेळाडूंना अनुक्रमें फ्लश, फुल हाउस, त्याहून मोठा फुल हाउस आणि स्ट्रेट फ्लश असे पत्ते दिले! चार माणसांना एकाच डावांत असे पत्ते येणें म्हणजे एकाच दिवशीं चार ग्रहणें लागण्यासारखें आहे. आमच्या विद्यार्थ्याचा हा आवडता बोलपट होता.

याचा परिणाम कसा होतो तें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. ज्याला पराभवाची भाषा पत्त्यांतूनच येते, त्याला प्रत्येक पराभव दैवाचा वाटतो, आणि दैव उद्यां फिरेल अशी आशा राहते. तोच मनुष्य जर "मी दहांपैकीं सात डावांत आधीं बोललों आणि तरीहि आंत उतरलों" असें म्हणूं शकता, तर त्याला आपला तोटा आपल्याच वर्तनांत दिसला असता. जुगारावरील वाङ्मय अनीतिमान् असतें असा सरसकट आक्षेप घेणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु जें वाङ्मय हरण्याचें खरें कारण झांकून खोटें पण सुंदर कारण पुढें करतें, त्याच्यावर हा आक्षेप थोडा तरी लागू पडतो. आणि तो कलेच्याच बाजूनें लागू पडतो, कारण कारणाचें चित्रण चुकलें कीं कथा चुकली.

यावर कथाकार म्हणेल कीं, पाळींत नाट्य नाहीं. "तो माझ्या डावीकडे बसला होता" या वाक्यानें कोणाचें काळीज धडधडणार? हें आम्हांस पटत नाहीं. पूर्वीं आपल्याकडे लग्नाच्या देण्याघेण्याच्या बैठका होत. आंकडा प्रथम कोणीं उच्चारावयाचा, यावर दोन्ही पक्ष अर्धा अर्धा तास पानसुपारींत घालवीत. मुलीचा बाप "आपणच सांगावें" म्हणे, मुलाचा मामा "तुम्हींच काय तें बोला" म्हणे. ज्यानें आधीं तोंड उघडलें तो बुडाला, हें ओसरीवरच्या मुलांनाहि कळत असे. त्या मुकाट्याच्या अर्ध्या तासावर मराठी गोष्टकार चार पृष्ठें सहज लिहील, आणि तीं कोणीं टाकून देणार नाहीं. द्यूताची सर्वांत मोठी कथा जी आपल्याजवळ आहे, तिच्यांत तर फांसे पडण्यापूर्वींच दुर्योधनाच्या वतीनें शकुनि बसणार हें ठरतें, आणि एकानें दुसऱ्यासाठीं खेळणें युधिष्ठिराला गैर वाटतें. पुढें दर डावाला पण काय लावला हें युधिष्ठिर सांगतो आणि शकुनि फक्त आपण जिंकल्याचें सांगतो. तो खेळ फांशांचा, पत्त्यांचा नव्हे, आणि तेथला कपटाचा भाग निराळा. तेव्हां ही तुलना आम्ही ताणीत नाहीं. पण कोण बसला आणि कोण आधीं बोलला, याकडे व्यासांचें लक्ष होतें एवढें खरें.

शिकविणारांची जात याच्या उलट आहे. डॉयल ब्रन्सन यांचें १९७८ चें पुस्तक, जें 'सुपर सिस्टम' या नांवानें प्रसिद्ध आहे, तें साहित्य म्हणून ओबडधोबड आहे. पण रात्रभर शेवटची पाळी मिळाली तर आपले पत्ते न पाहतांहि जिंकूं, अशा अर्थाचें जें विधान त्यांच्या नांवावर सांगतात, त्या एका विधानांत साऱ्या अल्व्हारेझपेक्षां खेळाचें ज्ञान अधिक आहे. आणि दैवाची थट्टा अशी कीं, ब्रन्सन यांनीं १९७६ आणि १९७७ असे लागोपाठ दोन वर्षें जागतिक सामने जिंकले, दोन्ही वेळां शेवटच्या डावांत त्यांच्या हातांत दश्शी-दुर्री होती, आणि जग त्या पत्त्यांनाच त्यांच्या नांवानें ओळखतें. २०२३ सालीं ते वारले. पाळीविषयीं इतकें स्पष्ट सांगणारा मनुष्य शेवटीं दोन पत्त्यांच्या रूपानें उरला.

ही फुशारकी नव्हती याचा पुरावा तीस वर्षांनीं एका मुलीनें दिला. अनेट ओब्रेस्टाड ही नॉर्वेची. २००७ सालीं तिनें १८० खेळाडूंचा एक ऑनलाइन सामना, सबंध सामन्यांत एकदांच आपले पत्ते पाहून, जिंकला असें तिनें सांगितलें आहे. त्याच वर्षीं लंडन येथें ३६२ जणांत पहिली येऊन तिनें दहा लक्ष पौंड मिळविले. तेव्हां तिला एकोणीस वर्षें पुरीं होण्यास एक दिवस बाकी होता. पत्ते न पाहणारास पाहण्याजोगें काय उरतें? समोरचीं माणसें, त्यांनीं लावलेले पैसे, आणि आपली पाळी. हा प्रसंग एकाद्या चांगल्या कथाकाराच्या हातीं अजून पडला नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. (लहान रकमेचा सामना होता, आणि समोरचे खेळाडू कच्चे असावेत, हें लक्षांत घेऊनहि.)

डेव्हिड स्क्लान्स्की यांचें 'द थिअरी ऑफ पोकर' (१९८७) हें शास्त्रग्रंथासारखें आहे. समोरच्याचे पत्ते दिसत असते तर आपण जसे खेळलों असतों तसें जितके वेळां खेळूं, तितका आपला लाभ. हा त्यांचा मूलसिद्धान्त. या सिद्धान्तावरून पाळीचें महत्त्व आपोआप निघतें, कारण शेवटीं बोलणारास दुसऱ्याचे पत्ते दिसत नसले तरी त्यांची सावली दिसलेली असते. डॅन हॅरिंग्टन आणि बिल रॉबर्टी यांचे तीन भाग (२००४ ते २००६) आम्हांस शिक्षक या नात्यानें विशेष आवडले. प्रत्येक उदाहरणांत कोण कोठें बसला आहे, कोणाजवळ किती रक्कम आहे, याचा तक्ता देऊन मग विचारतात, आतां काय कराल? हीं उदाहरणें वाचणें म्हणजे व्याकरणाचे धडे करणें होय. कंटाळा येतो, आणि येतें तें ज्ञान टिकतें. त्यांत मनुष्य मात्र नाहीं. तक्त्यांतला तिसऱ्या जागेवरचा खेळाडू रात्रीं घरीं काय सांगणार, याची त्यांना फिकीर नाहीं, आणि ती त्यांनीं करावी असेंहि नाहीं.

या दोन जातींच्या मध्यें मारिया कोनिकोव्हा यांचें 'द बिगेस्ट ब्लफ' उभें आहे, आणि आमच्या वाचकांनीं यांपैकीं एकच पुस्तक वाचावयाचें तर हें वाचावें असें आम्ही सुचवितों. बाई मानसशास्त्राच्या पंडिता. संसारांत एकामागून एक आपत्ति आल्यामुळें दैवाचा वांटा किती आणि आपला किती, हें त्यांना पाहावेंसें वाटलें. फोन नॉयमन यांच्या खेळांच्या सिद्धान्तावरून त्या पोकरकडे आल्या. तेव्हां पत्त्यांच्या एका जोडांत पत्ते किती असतात हेंहि त्यांना माहीत नव्हतें. एरिक सायडेल या नामांकित खेळाडूस त्यांनीं गुरु केलें, आणि २०१८ च्या जानेवारींत बहामा बेटांवरील एका सामन्यांत ८४,६०० डॉलर मिळविले. पण आम्हांस मोलाचा वाटला तो गुरूचा एक नियम. एकदां शिष्या आपल्या चांगल्या पत्त्यांचा कसा घात झाला हें सांगूं लागली, तेव्हां सायडेल यांनीं तें ऐकण्याचें नाकारलें. असल्या गोष्टी दुसऱ्यास सांगणें म्हणजे आपला केर त्याच्या अंगणांत टाकणें होय. डाव कसा लागला तें नको; तूं काय पाहिलेंस, काय विचार केलास, आणि निर्णय कसा घेतलास, तेवढें सांग.

हा नियम वाचतांना आमचा विद्यार्थी आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. आम्हींहि त्याचा केर दीड तास घेतला होता! परंतु आमच्या मतें हा नियम केवळ खेळाडूंसाठीं नाहीं. तो गोष्ट सांगण्याचा नियम आहे. कोनिकोव्हा यांच्या पुस्तकाच्या पूर्वार्धांत तो पाळला गेला आहे, म्हणून तेथें डाव थोडे आहेत पण कळतात. नवशिक्या बाईला पुरुषांच्या मेजावर आधीं बोलण्याचा संकोच, मागच्याच्या नजरेखालीं पत्ते टाकून देण्याची संवय, आणि हळूहळू मागून बोलण्याचें सुख. हें त्यांनीं मनाच्या अंगानें ओळखलें आहे. उत्तरार्धांत सामने जिंकूं लागल्यावर पुस्तकाची पकड सैल होते, आणि मानसशास्त्रांतले प्रयोग अध्यायाअध्यायांत जरा जबरीनें आणून बसविल्यासारखे वाटतात. तरीहि पाळी आणि मनुष्य यांना एकाच वाक्यांत आणण्याचा प्रयत्न या साऱ्या ढिगांत त्यांनींच केला आहे.

एका आक्षेपाचा विचार राहिला. मागून बोलण्याचा फायदा घेणें हें प्रामाणिकपणास धरून आहे काय, असें आमच्या घरांतच विचारण्यांत आलें. दुसऱ्यानें आपलें मन उघडें केल्यावर आपण किंमत ठरवावी, यांत कांहीं हलकेपणा आहे असें विचारणाराचें म्हणणें. आम्हीं उत्तर दिलें कीं, चकती फिरती आहे. नऊ डावांत ती सर्वांपुढें येते आणि आंधळे पणहि सर्वांवर येतात. याहून समान वांटणी गृहस्थाश्रमांतहि सांपडत नाहीं. पण हें उत्तर देतांना आम्हांस असेंहि जाणवलें कीं, मेजावरून उठल्यावर चकती फिरत नाहीं. नोकरीच्या मुलाखतींत पगाराचा आंकडा उमेदवारानेंच आधीं सांगावयाचा असतो. औषधाच्या दुकानांत आजारी मनुष्यच आधीं बोलतो. त्या ठिकाणीं विचारणाराचा आक्षेप खरा आहे, आणि त्याला आमच्याजवळ उत्तर नाहीं.

कोनिकोव्हा यांचें पुस्तक मराठींत आणण्याचा कोणाचा विचार असल्यास एक सूचना करतों. या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला 'स्थान' किंवा 'आसन' असे प्रतिशब्द सुचतील, आणि कोशांत पाहिल्यास तेच सांपडतील. ते घेऊं नयेत. त्यांनीं खुर्चीचा बोध होतो. पण खुर्ची तीच राहते, चकती सरकते, आणि फळ बदलतें. आपल्या दिवाळीच्या सुटींतल्या झब्बूपासून तीनपत्तीपर्यंत प्रत्येक खेळांत मुलेंसुद्धां जो शब्द वापरतात, "पाळी कोणाची?" हा, तोच येथें नेमका आहे. 'आंधळा पण' या शब्दाविषयीं आमचा तितका आग्रह नाहीं. तीनपत्तीवाले 'ब्लाइंड' म्हणतात, आणि तो शब्द तसाच ठेवला तरी वाचकांची अडचण होणार नाहीं.